फिटलेल्या कर्जाची चौकशी

पेढे वाटायला नको होते. मंदाकिनी भोईटेला हे कळायला महिना गेला, आणि तोवर पेढे सगळ्यांना पचून गेले होते.

खरं म्हणजे ती पेढे वाटणारी बाईच नव्हे. मुलगी, ऋतिका, दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हासुद्धा तिने घरी थापलेली खोबऱ्याची वडी बिल्डिंगमध्ये पाठवली होती, दर घरी एक. पण वीस वर्षांचं घराचं कर्ज अकराव्या वर्षी फिटलं, बँकेने फ्लॅटचे मूळ कागद परत दिले, आणि डोंबिवली पूर्वेला बाजारातून घरी येताना तिचे पाय मिठाईच्या दुकानाकडे वळले. तेही साधे पेढे नाहीत, केशरी. दौलत, तिचा नवरा, दुकानाबाहेर उभा राहून काचेतून बघत होता. बायको किलोने गोड घेते आहे आणि वजनाच्या काट्यावर नजर ठेवायला विसरली आहे, हे दृश्य त्याने लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या आसावरी सबनीसांनी पेढा दोन बोटांत धरला.

“कशाबद्दल? ऋतिकाचं कुठे जमलं का?”

“नाही हो, ती शिकतेय अजून. घराचं कर्ज फिटलं.”

“कोणाच्या?”

“आमच्या.”

“सगळं?” पेढा तसाच बोटांत राहिला. “आमचे हे बँकेत असून आमची आठ वर्षं राहिलीत. भाऊजी कुठल्या खात्यात असतात म्हणालात?”

भाऊजी कुठल्या खात्यात असतात हे आसावरीताईंना अकरा वर्षं ठाऊक होतं. तरी मंदाकिनीने सांगितलं, “नगररचना.”

“हो का,” आसावरीताई म्हणाल्या. “नगररचना.” आणि मग पेढा खाल्ला.

तळमजल्यावरच्या जाईबाईंनी इतके आढेवेढे घेतले नाहीत. ही बिल्डिंग उभी आहे ती जाईबाईंच्या सासऱ्यांच्या शेतावर, त्यामुळे कुणालाही काहीही विचारायचा आपल्याला हक्क आहे असं त्या धरून चालतात. “आगो, केवरा पैका झाला तुमच्याकं?” त्यांनी जिन्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, आणि दुसरा पेढा उचलला.

दौलत एका पालिकेत कारकून. बांधकामाच्या परवानगीच्या फायली त्याच्या टेबलावरून जातात. आता अशा टेबलावरचा माणूस मुदतीआधी कर्ज फेडतो आणि वर पेढे वाटतो, तेव्हा लोक काय समजतात हे शेंबड्या पोरालाही कळेल. मंदाकिनीला कळलं नाही, कारण ज्या घरात ती राहत होती त्या घरात वरचा पैसा येत नाही, हे तिने हवापाण्यासारखं गृहीत धरलं होतं.

महिन्याने दौलत कचेरीतून आला आणि बूट न काढता खुर्चीवर बसला. निनावी तक्रार आली होती, ‘एक हितचिंतक’ अशा नावाने. या पगारात मुलगी इंजिनिअरिंगला, आणि कर्ज निम्म्या मुदतीत साफ, हे कसं? दक्षता कक्षाने चौकशी लावली होती.

“चौकशी म्हणजे काय?”

“म्हणजे काही सापडलं तर निलंबन. मग नोकरी, पेन्शन, सगळंच.” त्याने एक बूट काढला. “सर्वेश हसत होता.”

सर्वेश दौलतच्या शेजारच्या टेबलावर बसतो. पद तेच, पगार तोच. राहतो ठाण्यात बाळकुमला, उंच टॉवरमध्ये, आणि खाली दोन गाड्या. मंदाकिनीने त्याच्या वास्तुशांतीला नळाच्या तोट्या बघूनच त्याच्याबद्दलचं मत कायम केलं होतं.

“हसायला काय झालं त्याला?”

“म्हणाला, अरे दौलत, कर्ज कोणी फेडतं का? कर्ज डोक्यावर असलेला माणूस गरीब दिसतो. माझी बघ, दोन चालू आहेत. माझी चौकशी होते का कधी?”

मंदाकिनीला हे पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा ती गॅस बंद करून खाली बसली. ज्यांना झाकायचं असतं ते कर्ज चालू ठेवतात. ज्याच्याकडे झाकायला काही नाही, तोच मूर्खासारखा ते फेडून मोकळा होतो.

त्या दिवसापासून तिने पेढा खाल्लेल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघायला सुरुवात केली. तसं संशय घेणं तिला नवं नव्हतं. कल्याणच्या एका कंपाउंडरची ही मुलगी. कॉमर्सची पदवी घेतली, लग्नानंतर विठ्ठलवाडीच्या भाड्याच्या खोलीत संसार मांडला, आणि जगात प्रत्येक जण आपल्याला थोडंफार फसवणारच, हे मान्य करून कामाला लागली. भाजीवाल्याच्या काट्याकडे ती बघत नसे, अंगठ्याकडे बघे. दूधवाल्याची पिशवी हातात तोलून घेई. बँक तर तिच्या लेखी टाय लावलेला भाजीवालाच.

आणि बँकेने तिला ते सिद्धही करून दाखवलं. पहिल्यांदा दिवाळीचा सगळा बोनस नेऊन कर्जात भरला, तेव्हा काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, “आता तुमचा हप्ता कमी झाला, मॅडम.” मंदाकिनी खुशीत घरी आली. चार महिन्यांनी कुठेतरी खटकलं म्हणून ती परत गेली. हप्ता कमी झाला होता, पण वर्षं तेवढीच होती. “मला हप्ता नको कमी करून,” ती म्हणाली, “वर्षं कमी करा.” वेगळा अर्ज द्यावा लागेल, असं मुलगी म्हणाली. म्हणजे न विचारता तुम्ही जे करता ते तुमच्या सोयीचं, आणि माझ्या सोयीचं हवं तर अर्ज. तेव्हापासून जादा रक्कम भरताना ती दरवेळी अर्ज घेऊन जाई आणि शिक्का बसल्याशिवाय काउंटर सोडत नसे.

जादा रक्कम येई कुठून? तिथे तर तिची सगळी विद्या होती. पगार झाला की ती खर्चाचे पैसे काढून स्टीलच्या डब्यांत घाली. दुधाचा डबा, वाण्याचा, विजेचा, औषधांचा, पाहुण्यांचा. डबा रिकामा झाला की तो विषय पुढच्या पगारापर्यंत संपला. एका डब्यातून दुसऱ्यात उसनं घ्यायचं नाही. महागाई भत्ता वाढला की तो वाढलाच नाही असं समजायचं. वाढलेला फरक थेट कर्जात. गणपती पाच दिवसांचा होता, तो दीड दिवसाचा केला. पडदे जुन्या साड्यांचे. भिंतींवर बिल्डरने दिलेलाच रंग. एसीचा विषयच नाही. रिक्षा फक्त तापात किंवा प्रेताला, असं दौलत म्हणे, आणि ती त्यावर हसत नसे.

दक्षता कक्षाकडून एका शनिवारी कल्पिता म्हात्रे नावाच्या अधिकारी घरी आल्या. दौलत कामावर होता. मंदाकिनीने त्यांचं ओळखपत्र आधी पुढून पाहिलं, मग मागून, मग त्यांना दारातच उभं करून कचेरीत फोन लावून खात्री केली.

“बरोबर केलंत,” कल्पिता म्हात्रे म्हणाल्या आणि आत आल्या. चहा नको म्हणाल्या. ते मंदाकिनीला बरंच वाटलं, महिनाअखेर होती.

त्यांनी पडदे बघितले, भिंती बघितल्या, फ्रिज उघडून बघितला. मग विचारलं, “घरखर्चाचा हिशेब लिहून ठेवता ना?”

“नाही.”

“एवढी काटकसर करता आणि हिशेब नाही?”

“खर्च केला तर लिहिणार. न केलेला कुठे लिहू?”

तिने डबे काढून ओट्यावर मांडले. कल्पिता म्हात्रेंनी एकेकाचं झाकण उघडलं. पाहुण्यांच्या डब्यात पंचवीस रुपये होते.

“हे मला पटतं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “पण डबे मला फायलीला लावता येत नाहीत.”

दार उघडंच होतं, आणि आमच्याकडच्या बिल्डिंगांमध्ये उघडं दार म्हणजे आमंत्रण. जाईबाई पदराला हात पुसत आत आल्या. पाठोपाठ आसावरीताई, “चाळणी मिळेल का” असं विचारत. सबनीसांच्या घरी चाळणी नाही यावर कोण विश्वास ठेवणार? पण कल्पिता म्हात्रेंनी दोघींना बसवून घेतलं.

“या बाईंचा खर्चाचा हात कसा आहे?”

मंदाकिनीच्या मनात आलं, आता संपलं. या दोघींपैकीच एक ती हितचिंतक.

“हिचा हात?” जाईबाईंनी कपाळावर हात मारला. “मना विचार. ही बाय पैका सोरल? लिफ्ट बंद परली तं सगल्यांनी वर्गनी दिली. ही बोलली, मी पयल्या माल्यावं रवते, लिफ्टमंदी बसत नाय, मी नाय देनार. सहा मयने भांडली.”

“पाच,” मंदाकिनी म्हणाली.

“शेजारधर्म म्हणून बोलू नये,” आसावरीताईंनी सुरुवात केली, म्हणजे आता भरपूर बोलणार हे ठरलं. “पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही काचेचे बाउल लुटले. यांनी काय लुटलं? तुळशीची रोपं. स्वतःच्या कुंडीतली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत लावलेली.”

“माझं जगलं,” जाईबाई म्हणाल्या.

“प्रश्न जगण्याचा नाही हो. माझी बहीण आली होती इंदूरहून, यांना भेटायला घेऊन आले. तर या म्हणतात, महिनाअखेर आहे, चहा नाही, ताक चालेल का? तीन दिवसांनी पुन्हा दिसल्या तर म्हणाल्या, आता चहाला आणा.”

कल्पिता म्हात्रे भराभर लिहीत होत्या. मंदाकिनी ओट्याला पाठ टेकून उभी होती. अकरा वर्षं जिन्यात, गच्चीवर, पाठीमागे जे बोललं गेलं ते आज समोर सांगितलं जात होतं, आणि प्रत्येक वाक्याने तिचा नवरा सुटत होता. राग धरावा की आभार मानावेत हे तिला ठरवता येईना.

“आणि ऋतिका,” आसावरीताईंचा आवाज जरा खाली आला. “पाचवीत होती. शाळेची सहल महाबळेश्वरला गेली. आमची वल्लरी गेली. ही नाही गेली. शाळेत सांगितलं ताप आहे. आणि दोन दिवस आमच्याकडे येऊन बसली, कारण घरी बसली तर आईला कळेल की आपल्याला वाईट वाटलंय. वल्लरीने तिच्यासाठी आवळासुपारी आणली होती. ती तिने आमच्याच घरी बसून संपवली.”

हे मंदाकिनीला माहीत नव्हतं. सहलीला जायची आपल्याला हौस नाही, असं ऋतिका तेव्हा म्हणाली होती, आणि भाजीवाल्याच्या अंगठ्यावरून नजर न हलवणाऱ्या आईने ते लगेच खरं मानलं होतं. सोयीचं होतं म्हणून.

दोघींनी जबाबाखाली सह्या केल्या. जाईबाईंनी सावकाश, जीभ बाहेर काढून. आसावरीताई चाळणी न नेताच गेल्या.

कल्पिता म्हात्रेंनी बॅग उचलली आणि दारात थांबल्या. “एक राहिलं. तीन वर्षांपूर्वी एकदम तीन लाख भरलेत.”

“ती थकबाकी. वेतन आयोगाची.”

“थकबाकी कुणाच्या हातात पडली नाही, मॅडम. सगळी भविष्य निर्वाह निधीत जमा झाली. माझीसुद्धा.” त्या क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना दिसलं की हिला खरंच माहीत नाही. “साहेबांना विचारा. सोमवारी मी विचारणारच आहे.”

दार लागलं. मंदाकिनी ओट्यावरचे डबे परत फळीवर लावू लागली आणि मध्येच थांबली. ‘खात्यात आलेत बघ, थकबाकी आली,’ असं दौलत एका संध्याकाळी सहज म्हणाला होता. किती आली, कशी आली, इतरांना किती मिळाली, यातलं तिने काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. जी बाई कोथिंबिरीची जुडी सोडून बघते तिने तीन लाखांना हात लावला आणि तोंड मिटून घेतलं. कारण त्या पैशाने कर्जाची वर्षं कापली जाणार होती.

दौलत घरी आला. ती त्याच्याकडे भाजीवाल्याच्या अंगठ्याकडे बघावं तशी बघत राहिली. तो जेवताना काय बोलतो, काय टाळतो. चौकशीला बाई येऊन गेल्या म्हटल्यावर त्याने पाणी कसं प्यायलं. एका आर्किटेक्टने दिवाळीला काजूबदामाचा खोका पाठवला होता, तो तिने आला त्याच रिक्षाने परत धाडला होता. तेव्हा दौलत गप्प का होता? शिळफाट्याच्या एका मोठ्या प्रकल्पाची फाइल त्याच सुमारास त्याच्याकडे होती ना? एकदा बघायला लागलं की सगळंच दिसायला लागतं. रात्री ऋतिकाने विचारलं, “आई, काय झालंय?” तेव्हा ती म्हणाली, “आवळासुपारी चांगली होती का गं?” ऋतिकाने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “होती.” आणि आत गेली.

रविवारी सकाळी दौलत मेथी निवडायला बसला. ते त्याचं रविवारचं काम. मंदाकिनी समोर येऊन बसली.

“ते तीन लाख कुठले?”

त्याचा हात थांबला.

“बिल्डरचे की आर्किटेक्टचे? मला एवढंच कळू दे. हे घर माझ्या डब्यांचं असेल तर मी इथे राहीन. तुमच्या टेबलाचं असेल तर विठ्ठलवाडीला परत खोली बघते. ऋतिकाला घेऊन.”

“मंदा.”

“मंदा नको. उत्तर द्या.”

दौलतने मेथीची काडी मोडली, पुन्हा मोडली. “धाकट्याने दिले. गावच्या घरातला माझा हिस्सा सोडला मी. दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो ना, तेव्हा. हक्कसोड करून दिली.”

“मला न सांगता.”

“तुला सांगितलं असतं तर तू मोजायची टेप घेऊन गेली असतीस. पडवी मोजली असतीस, परसातली नारळाची झाडं मोजली असतीस, आणि माझ्या भावाशी माझं बोलणं उरलं नसतं. त्याला ते घर हवं होतं, आपल्याला हे. म्हणून थकबाकी म्हणालो. खरी थकबाकी निधीत आहे. व्याज चढतंय तिच्यावर.”

चौकशीच्या बाईंपेक्षा हा माणूस आपल्यालाच घाबरत होता, हे तिच्या लक्षात आलं. वाईट वाटायला हवं होतं. पण आधी खात्री.

“फोन द्या,” ती म्हणाली, आणि सातारच्या गावी जावेला, कलावतीला, स्वतः फोन लावला. “कलावती, तीन वर्षांपूर्वी तुम्ही ह्यांना पैसे दिलेत का गं?”

पलीकडे कोंबड्यांची कलकल चालू होती. “आवं आक्का, दिलं की. बँकेतनंच धाडलं तीन लाख. भावजीच म्हणलं, तिच्या कानावर घालू नगासा. म्या तवाच ह्यास्नी म्हणलं, आक्कास्नी कळल्याबिगर ऱ्हायचं न्हाई, आन् कळल्यावर आपलं काय खरं न्हाई.”

मंदाकिनीने फोन ठेवला. मग मेथीची जुडी ओढून घेतली आणि स्वतःच निवडायला लागली. पानं, काड्या, सगळं एकत्र पडत होतं. दौलत त्यातल्या काड्या एकेक करून बाजूला काढत होता.

“तीन लाखांत?” ती म्हणाली. “रस्त्याला लागून घर आहे ते. पुढे हायवे झालाय.”

“मंदा, आधी चौकशी संपू दे.”

“संपू दे,” ती म्हणाली.

सोमवारी दौलतने कल्पिता म्हात्रेंना सगळं सांगितलं, बँकेचा उतारा आणि हक्कसोडीची प्रत दिली. दीड महिन्याने निकाल आला: तक्रारीत तथ्य नाही. मात्र स्थावर मालमत्तेतला हिस्सा सोडताना कार्यालयाला कळवलं नाही म्हणून लेखी समज. इतक्या वर्षांत दौलतच्या नोकरीला लागलेला हा पहिला डाग, आणि तो लागला बायकोपासून लपवल्यामुळे. सर्वेशने पाठीवर थाप मारली आणि सल्ला दिला की, छोटंसं का होईना, गाडीचं कर्ज घेऊन टाक. माणूस बरा दिसतो. दौलतने हे घरी सांगितलं. मंदाकिनीने आमटीचं पातेलं उचलून आत नेलं.

जिन्यात आसावरीताई भेटल्या. “मिटलं ना सगळं? मग आता पेढे?”

“महिनाअखेर आहे,” मंदाकिनी म्हणाली, “ताक चालेल का?” आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्या हसल्या. हितचिंतक असं हसेल का? हसेलही. जाईबाईंचं काय? आणि सर्वेश? त्याला शेजारच्या टेबलावरचा स्वच्छ माणूस कशाला परवडेल? तक्रार कुणाची, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कुणालाही तिने यादीतून कमी केलं नाही.

त्या महिन्यापासून फळीवर एक नवा डबा आला. ऋतिकाने विचारलं, यात काय. “सहल,” मंदाकिनी म्हणाली, “तू जा कुठेतरी, मैत्रिणींबरोबर. ताप आला असं सांगू नकोस.” ऋतिकाने झाकण उघडून आत बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाली, “महाबळेश्वर सोडून कुठेही.”

शुक्रवारी रात्रीची जेवणं झाल्यावर मंदाकिनीने कपाटाच्या वरच्या खणातून पिशवी काढली. तीत शिवणाची टेप होती, आणि शेजारच्या सुताराकडून मागून आणलेली एक लांब, लोखंडी.

“चौकशी संपली ना?” तिने विचारलं.

“संपली,” दौलत म्हणाला.

“मग या रविवारी गावाला जाऊ. कलावतीकडे किती दिवसांत गेलो नाही.”

दौलतने टेपकडे बघितलं. मग टेबलावरचा फोन हळूच उचलला आणि गॅलरीकडे निघाला.

“इथेच बोला,” मंदाकिनी म्हणाली. “आणि स्पीकरवर.”